दाविदाचा अखबारनवीस

तायडे मास्तरांसमोर काही सहज बोलून जायची सोय नव्हती. "या एकदा घरी जेवायला" असं आपण रस्त्यात भेटेल त्याला म्हणतो, आणि कुणी येत नाही म्हणून आपला संसार चालतो. मास्तर येत. अकोल्याला एका लग्नाच्या पंगतीत मी त्यांना म्हणून बसलो, "मास्तर, अमरावतीला या, आमच्याकडची पुरणपोळी खाऊन बघा." पुढच्याच रविवारी भर दुपारी दार वाजलं. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, घामाने डबडबलेले मास्तर दारात उभे. "महाराज, तुमी बोल्ले होते." घरात पुरणाचा पत्ता नव्हता. बायकोने पिठलं-भाकरी केली आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मास्तर चवीने जेवले आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "वैनी, पुरण राह्यलं बरं का." त्यात थट्टा नव्हती आणि रागही नव्हता. होळीला पुन्हा आले आणि पुरणपोळी खाऊन गेले.

वऱ्हाडात ब्राह्मणाला महाराज म्हणतात. त्यासाठी अंगी काही असावं लागत नाही. माझे वडील अमरावतीत भिक्षुकी करायचे, मी शाळेत संगीत शिकवायचो आणि संध्याकाळी जिथे बोलावणं येईल तिथे पेटी वाजवायचो. मास्तर अकोल्याचे, ख्रिस्ती, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले, आणि कीर्तनकार. ख्रिस्ती कीर्तनकार म्हटलं की आमचे लोक अजून माझ्या तोंडाकडे बघतात. पण तो प्रकार जुना आहे. तसंच उभं राहणं, त्याच चिपळ्या, आधी निरूपण आणि मग आख्यान. फक्त आख्यानात राम-कृष्णाच्या जागी इस्राएलचे राजे आणि त्यांच्या दरबारची माणसं. त्यांच्या जुन्या पेटीवाल्याची बोटं आखडली तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं. पहिल्या भेटीत मी जरा चाचरत विचारलं, "मास्तर, मी हिंदू माणूस. तुमच्या मंडळींना चालेल ना?"

"माह्या देवाले तुमची पेटी चालते," मास्तर म्हणाले. "तुमच्या देवाले माहं कीर्तन चालते का, ते घरी इचारून या."

मी खरंच विचारलं. वडील संध्येला बसले होते. ते म्हणाले, "कीर्तन आहे ना? मग जा. सुरात वाजव." एवढ्यावर तो प्रश्न मिटला.

मास्तरांचं हुकमी आख्यान म्हणजे दाविदाचा दरबार. ते ऐकायला अचलपूर-परतवाड्यापासून मंडळी यायची. दरबार भरवताना ते श्रोत्यांतूनच एकेकाला पकडायचे. मिशीवाला दिसला की, "हा यवाब, सेनापती. याच्या वाटेले जाऊ नका." कुणी चष्मेवाला दिसला की, "हा सराया, चिटणीस. राजा शिंकला तरी लिहून घेते." दारात उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाकडे बोट करून, "हा बनाया. राजा बोट दाखवन, हा मारन. इचारनार नाई काहून म्हनून." मग पुढच्या रांगेतले दोन म्हातारे निवडायचे. "हे दोघं याजक, सादोक आन् अब्याथार. आता एका राजाले दोन भटजी कायले? भांडाले कोनी तरी पाह्यजे ना, महाराज?" असं म्हणून माझ्याकडे बघायचे आणि सगळं मंदिर हसायचं. ते लोक आपल्या प्रार्थनेच्या जागेलाही मंदिरच म्हणतात.

हशा ओसरला की मास्तर आवाज खाली आणायचे. "आन् हा यहोशाफाट बिन अहीलूद, अखबारनवीस. सेनापती लढते. चिटणीस लिहिते. याजक देवाले हाक मारते. ह्या मानसाची नौकरी कोनती? लोक म्हनतात, खबरा लिवायची. नाई. मूळ शब्दाचा अर्थ आहे, याद देनारा. राजा मोठा झाला का पयले काय गमावते? याददाश्त. मंग हा मानूस सिंहासनाच्या बाजूले उभा राह्यते आन् म्हनते, राजेसाहेब, तुमी बोल्ले होते."

हा अर्थ त्यांना त्यांच्या गुरूंनी, खंडारे पाद्रींनी सांगितला होता आणि मास्तरांनी तो कीर्तनापुरता ठेवला नाही, जन्मभर नोकरी म्हणून केला. दुकानदार, नातेवाईक, नगरसेवक, कुणीही सुटलं नाही. मंडळीतल्या, म्हणजे त्यांच्या मंदिराच्या सभासदांतल्या, एका बाईने मुलाच्या आजारपणात सासूशी पुन्हा भांडणार नाही असं देवासमोर कबूल केलं होतं. मूल बरं झालं आणि भांडण सुरू झालं, तेव्हा मास्तर तिच्या अंगणात जाऊन उभे राहिले. बाई आधी चिडली आणि मग रडली. लोक त्यांना पाठीमागे अखबारनवीस म्हणायचे. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

आख्यानाचा नायक मात्र यहोशाफाट नव्हता, अब्याथार होता. दावीद अजून राजा झालेला नाही, शौल राजापासून जीव वाचवत पळतो आहे. नोब गावात याजकांची वस्ती. तिथला मुख्य याजक अहीमलेख त्याला भाकर देतो, तलवार देतो. ते शौलाचा माणूस दवेग बघतो आणि जाऊन चहाडी करतो. राजा म्हणतो, सगळ्या याजकांना मारा. शिपाई हात उचलत नाहीत. मग दवेगच तलवार उपसतो. सगळं गाव कापलं जातं, बायका-लेकरांसकट. त्यातून एकटा सुटतो तो अहीमलेखाचा मुलगा अब्याथार. तो धावत दाविदाकडे येतो. मास्तर उपरणं कमरेला बांधून व्यासपीठावर खरंच धावायचे, धापा टाकायचे, आणि मला तेवढा वेळ पेटीवर एकच सूर धरून ठेवावा लागायचा. दावीद म्हणतो, दवेग तिथे होता हे मी पाहिलं होतं. तुझ्या घराण्याचा घात माझ्यामुळे झाला. माझ्याजवळ राहा, आता भिऊ नको. इथे मास्तरांचा आवाज फुटायचा, बायका डोळ्याला पदर लावायच्या आणि कीर्तन संपायचं.

एकदा वडील माझ्याबरोबर आले. मागे खुर्चीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. परतताना बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडलं. तेव्हा ते म्हणाले, "राजाच्या दारातला भटजी. पुढे काय झालं त्याचं?"

मला ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला मी मास्तरांना विचारलं. त्यांनी तुटक सांगितलं. दावीद म्हातारा झाला. गादीसाठी दोन पोरं उभी राहिली. अब्याथार एकाच्या बाजूला गेला आणि दुसरा, शलमोन, राजा झाला. त्याने त्या भावाला मारलं, पुढे यवाबालाही वेदीपाशी मारलं. अब्याथाराला म्हणाला, तू मरायच्याच लायकीचा, पण माझ्या बापाबरोबर तू हाल काढलेस म्हणून आज मारत नाही. तुझ्या शेतावर जाऊन राहा, अनाथोथ गावाला. "नाव पाहा महाराज," मास्तर म्हणाले. "अनाथोथ. नावातच अनाथ." तिथल्या भाषेत त्या नावाचा अनाथाशी काही संबंध नसणार, हे मराठीच्या मास्तराला काय कळत नव्हतं? पण तो शब्द त्यांनी सोडला नाही.

"मग हे सांगत का नाही कीर्तनात?"

"पुढचं माह्या गळ्यातून निघत नाई."

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "राजाने भटजीला देवापासून उठवून शेतावर धाडलं, म्हणजे मारलंच की रे."

मास्तरांच्या गळ्यातून ते का निघत नव्हतं, हे मला अकोल्यातल्या दुसऱ्याच एकाने सांगितलं. खंडारे पाद्री म्हणजे मास्तरांचे कीर्तनातले गुरू. अर्ध्या मंडळीचे बाप्तिस्मे त्यांनी केलेले आणि लग्नं त्यांनीच लावलेली. मंडळीचा कारभार पंच बघतात आणि पंचांवर एक अध्यक्ष असतो. जुने अध्यक्ष वारले आणि दोन उमेदवार उभे राहिले. पाद्रीबाबांनी उपासनेतच एकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो हरला. जो जिंकला त्याला सगळे साहेब म्हणत. हा साहेब काही राक्षस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. कुणाचं पोर आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारा माणूस. पण पाद्रीबाबांची ती प्रार्थना त्याला पचली नाही. पाद्रीबाबांना कामावरून काढलं, राहतं घर रिकामं करून घेतलं आणि मंडळीतून नाव कमी केलं. म्हातारा मूर्तिजापूरच्या पलीकडे पुतण्याच्या शेतावर जाऊन राहिला. मास्तर त्या खेड्याचं खरं नाव कधी घेत नसत. "अनाथोथले जाऊन येतो," म्हणत आणि दर महिन्याला जाऊन येत.

एका वर्षी दिवाळीनंतर त्यांनी मलाही नेलं. पाद्रीबाबा शेतातल्या खोलीत बाजेवर पडून होते. अंगावर मांस उरलं नव्हतं. त्यांनी मला पेटी वाजवायला सांगितली आणि दोन ओळी गुणगुणून धाप लागल्यावर थांबले. मग मास्तरांचा हात धरून म्हणाले, "याकोब, मले काई नको. फक्त मले हिच्या बाजूले ठेवा."

ही म्हणजे त्यांची बायको. ती पाद्रीबाबा कामावर असतानाच गेली होती आणि अकोल्याच्या कबरस्थानात पुरलेली होती. तिला माती देताना साहेब, म्हणजे तेव्हाचे एक साधे पंच, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाबा, ही बाजूची जागा तुमची. कोनी हात लावनार नाई." मास्तर तिथे उभे होते. आता नाव कमी झालेल्या माणसाला त्या कबरस्थानात जागा नाही, असा नियम पंचांनी दाखवला होता.

परत येताना बसमध्ये मास्तर उत्साहात होते. मला तो उत्साह बरा वाटला नाही.

"महाराज, आता पुढचं सांगतो. हंगामाच्या सनाले. पुरं आख्यान."

"मास्तर, साहेबांच्या घरी जा. दोघंच बसा आणि बोला. म्हातारा मरायला टेकलाय म्हणून सांगा."

"घरी मानूस नाई म्हनू शकते," मास्तर म्हणाले. "कीर्तनात नाई म्हननारा मानूस म्या पाह्यला नाई."

इतकी वर्षं लोकांना रडवणाऱ्या कीर्तनकारानेच असं बोलावं. आम्ही पेटीवाले कीर्तनकाराच्या बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून बसतो. कोण कधी रडतं आणि रडून झाल्यावर घड्याळ कसं बघतं, ते आम्हालाच दिसतं. पण मास्तरांना हे सांगून उपयोग नव्हता.

हंगामाचा सण म्हणजे शेतातलं पहिलं पीक देवासमोर आणून ठेवायचं. मंदिरात तुरीच्या पेंढ्या, ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, संत्र्यांच्या टोपल्या रचल्या होत्या. साहेब पहिल्या रांगेत सहकुटुंब बसले होते. मास्तरांनी त्या दिवशी श्रोत्यांतून कुणालाही पकडलं नाही. दरबार रिकाम्या हवेत भरवला. नोबची कत्तल आटोपती घेतली, अब्याथाराला दाविदाच्या गळ्यात टाकलं आणि थांबले. लोक उठायला लागले होते. मास्तरांनी चिपळ्या वाजवल्या.

"बसा. हे अर्धंच झालं."

मग त्यांनी म्हातारा अब्याथार उभा केला. शलमोनापुढे मान खाली घालून उभा. बाजूला हरलेल्या भावाचं प्रेत. मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी केली आणि खाली ठेवलं. याजकाची वस्त्रं उतरवली ती अशी. "दरबारात सारे होते," ते म्हणाले. "चिटणीस होता, पहारेकरी होता, सादोक होता. आन् यहोशाफाटही होता. तोच, याद देनारा. त्यानं म्हनाले पाह्यजे होतं, राजेसाहेब, तुमच्या बापानं ह्या मानसाले शबूद देल्ला होता, माह्याजवळ राह्य म्हने, भिऊ नको म्हने. तो बोल्ला नाई. शास्त्रात त्याचं एक अक्षर लिवलेलं नाई. अखबारनवीस गप राह्यला आन् याजक अनाथोथले गेला." एवढं बोलून मास्तर सरळ साहेबांसमोर गेले. "म्या गप राह्यनार नाई. साहेब, तुमी बोल्ले होते. कबरीपाशी बोल्ले होते."

  साहेब हुंदके देत उठले. सगळ्यांत जास्त तेच रडले. त्यांनी मास्तरांच्या गळ्यात हार घातला, वाकून पाय धरले आणि मास्तरांनी त्यांना उठवून छातीशी लावलं. बायका रडत होत्या, मास्तर रडत होते, आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे भरून आले. मला वाटलं, मीच मूर्ख. घड्याळ बघणारी माणसं मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मला घेऊन साहेबांच्या घरी गेले. साहेबांनी चहा सांगितला. कीर्तनाची मनापासून स्तुती केली, असं आख्यान वऱ्हाडात झालं नाही म्हणाले. मग कप खाली ठेवला.

"पन मास्तर, ते नाई जमनार."

मास्तरांना आधी कळलंच नाही. ते हसत होते.

"तुमी मले सगळ्यांसमोर शलमोन केलं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "काल रातच्याले पंच घरी आले होते. आता म्या हो म्हटलं तर लोक म्हनतीन, साहेबाले रडवलं का काईबी घेता येते. उद्या जो तो कीर्तन लावन. घरी येऊन बोल्ले असते तर पाह्यलं असतं कसंतरी. आता माह्या हातात राह्यलं नाई."

"साहेब, तुमी बोल्ले होते."

"हो, बोल्लो होतो. मले चांगली याद आहे. बाईच्या मातीले, बाबाच्या खांद्यावर हात ठेवून बोल्लो. मंग?"

  जन्मभर मास्तर एकाच समजुतीवर चालले होते की माणूस विसरतो म्हणून चुकतो; आठवण दिली की तो लाजतो आणि वळतो. सगळं नीट आठवत असलेला माणूस चहा पिता पिता 'नाई' म्हणतो, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मला साहेबाचा राग आला, पण त्याहून जास्त मास्तरांचा आला. घरी जा म्हणून मी सांगितलं होतं. तो राग मी गिळला, कारण दारातून बाहेर पडताना मास्तरांना पायऱ्या दिसत नव्हत्या. मी दंडाला धरून त्यांना उतरवलं.

पाद्रीबाबा उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. मास्तरांचा फोन आला तेव्हा ते फक्त "निघा" एवढंच म्हणाले. अकोल्याहून येणाऱ्यांत मोजकी म्हातारी माणसं होती. साहेब नव्हते, पण त्यांनी गाडी पाठवली होती. पुतण्याने धुऱ्यालगत, म्हणजे शेताच्या बांधाला लागून, खड्डा खणून ठेवला होता. काळी माती, वाळून दगड झालेली. दुसरा कुणी पाद्री यायला तयार झाला नाही, म्हणून मास्तरांनीच प्रार्थना केली, तीही दोन वाक्यांत. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, एक गानं म्हना. बाबाचं आवडतं." मास्तरांनी मान हलवली. पेटी मी उगाच नेली होती. ती शेवटपर्यंत गाडीतच राहिली.

त्यानंतर त्यांनी कीर्तन केलं नाही. याहून वाईट म्हणजे त्यांनी आठवण करून देणंही सोडलं. परतवाड्याच्या एका यजमानाने पूर्वी मला आहेराचं धोतर कबूल केलं होतं आणि मी थट्टेने ते मास्तरांपुढे काढलं, त्यांना जरा हुरूप यावा म्हणून. मास्तर म्हणाले, "बोल्ला असन. जाऊ द्या." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला भीती वाटली. माझ्या बायकोने फोन करून पुरणपोळीला बोलावलं, दोनदा. ते हो म्हणाले आणि आले नाहीत.

पुढच्या वर्षी वैशाखात मूर्तिजापूरला एका विद्यार्थ्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. कार्यक्रम लवकर आटोपला आणि मनात आलं, पाद्रीबाबांच्या मातीवर फूल टाकून यावं. ऑटोवाल्याने फाट्यावर सोडलं. तिथून शेतातून चालत गेलो. उन्हाने जमीन फाटली होती. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या आपल्याकडे कुणाला नव्या नाहीत, पण कबरीवरही पडतात हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. सिमेंटचा एक लहानसा क्रूस तिरका झाला होता आणि त्याच्या पायापासून धुऱ्यापर्यंत जमीन उकलली होती.

मास्तर तिथे गुडघ्यांवर बसले होते. डोक्यावर ओलं उपरणं, बाजूला खताची जुनी पिशवी, तोंड सुतळीने बांधलेली. तिचं तोंड उघडून ते मूठमूठ लालसर मुरूम भेगेत सोडत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"बसा महाराज. पानी असन तर द्या."

मी बाटली दिली. ते दोन घोट प्याले.

"हे कशाला, मास्तर? पाऊस पडला की भेगा आपोआप बुजतात."

"बुजतात. पन काळ्या मातीनं." त्यांनी मुठीतला मुरूम मला दाखवला. "हा अकोल्याचा आहे. बाईच्या कबरीवरचा."

 ते म्हणाले, "चौकीदार ओरडते मले. म्हनते, मास्तर, तुमी मुरूम नेता आन् कबर खाली बसून राह्यली. म्या म्हटलं, बसू दे. तिले तिकडे कोन आहे?"

त्यांनी भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला, मग खांदा जमिनीला टेकला, तरी ते बोटांनी आत काहीतरी चाचपत राहिले. मी पिशवीचं तोंड धरून बसलो. हात बाहेर काढून त्यांनी सदऱ्याला पुसला आणि पिशवीत डोकावून बघितलं.

"लय खोल आहे," ते म्हणाले. "पावसाच्या आंधी आनखी दोन-तीन खेपा कराव्या लागतीन."